लोहारकामाचा चामडी ॲप्रन: आधी बैठक बघा, मग जाडी

बेळगाव जिल्ह्यातल्या खानापूर तालुक्यातून एका तरुणाने विचारलं आहे. आजोबांच्या मागे बंद पडलेली लोहारसाळ त्यांनी पुन्हा चालू केली. विळे, कोयते, खुरपी करणं, फाळ शेवटणं (झिजलेलं टोक ठोकून नीट करणं) हे मुख्य काम, जोडीला थोडं वेल्डिंग आणि ग्राइंडर. ऐरण आजोबांचीच, जमिनीत पुरलेल्या ओंडक्यावर बसवलेली, त्यामुळे सगळं काम बसून. घण मारायला आई असते. त्यांना तीन गोष्टी कळायला हव्या आहेत. चामडी ॲप्रन किती जाडीचा घ्यावा? तयार मिळतो तो घ्यावा, की अथणी-निपाणीकडच्या चप्पल करणाऱ्या कारागिराकडून कोल्हापुरीच्या चामड्याचा शिवून घ्यावा? आणि बेळगावच्या उद्यमबागेत फाउंड्रीत, म्हणजे ओतकामाच्या कारखान्यात, असलेला चुलतभाऊ तिथला जुना ॲप्रन देतो म्हणतो, तो चालेल का?

माझं आयुष्य याच भागात भट्टीपुढे आणि फॅब्रिकेशनच्या शेडमध्ये गेलं आहे, म्हणून जरा सविस्तर लिहितो. जाडी सगळे आधी विचारतात. माझ्या मते तिचा नंबर तिसरा. पहिली गोष्ट, तुम्ही ऐरणीपुढे बसता कसे. दुसरी, तुमच्या साळेत विस्तवापुढे आणखी कोण उभं असतं. या दोन्हींचं उत्तर तुमच्या प्रश्नातच आहे, आणि त्यावरच ॲप्रन ठरतो.

बाजारात मिळणारे जवळजवळ सगळे ॲप्रन उभ्याने काम करणाऱ्यासाठी कापलेले असतात. वेल्डर उभा असतो, उंच ऐरणीवर काम करणारा उभा असतो. लोखंड ठोकण्याजोगं तापलं की नारिंगी-पिवळं दिसतं, म्हणजे साधारण १००० ते १२०० अंश सेल्सिअस. हवा लागून त्यावर काळी खपली धरते आणि पहिल्या दोन-चार घावांत ती चारी बाजूंना उडते. उभ्या माणसाच्या अंगावर पडलेली खपली ॲप्रनवरून घसरत खाली जाते. बसलेल्या माणसाच्या मांडीवर ती तशीच थांबते. तरी खपली पातळ असते, चटकन निवते. खरा धोका छन्नीने तोडलेल्या तुकड्याचा. कोयत्याचं टोक तोडताना उडालेला लाल तुकडा मांडीवर पडला तर त्यात उष्णता खूप वेळ टिकते, आणि दोन गुडघ्यांमध्ये ताणलेल्या चामड्याची झोळी झालेली असेल तर तो तुकडा नेमका तिथेच जाऊन बसतो. तुम्ही दोन्ही हातांनी सांडस आणि हातोडा धरलेला. तो झटकून टाकायला हात मोकळा होईपर्यंत चामडं जळून आत चटका बसतो.

म्हणून बसून काम करणाऱ्याच्या ॲप्रनला खालच्या भागात मधोमध चीर हवी. कमरेच्या खाली वीतभर जागा सोडून तिथून तळापर्यंत. दोन्ही मांड्यांवर दोन वेगळे पदर बसतात आणि जे पडेल ते मधून जमिनीवर जातं. पण नुसती चीर दिली तर बसल्यावर ती फाकते आणि जिथे सगळ्यात जास्त संरक्षण हवं तीच जागा उघडी पडते. तेव्हा चिरेच्या वरच्या टोकापाशी आतून दुसरा एक आडवा तुकडा जोडून घ्यायचा, चार-पाच बोटं दोन्हीकडे आत जाईल एवढा. घोड्यांना नाल मारणाऱ्यांच्या चामडी ॲप्रनलाही खाली अशीच मधोमध चीर असते. त्यांनाही गुडघ्यात घोड्याचा पाय धरून वाकावं लागतं. असा ॲप्रन तयार मिळाला तर उत्तम. नाही मिळाला तर साधा घेऊन बदलून घ्या, त्याचं खाली लिहितो.

तुमची स्वतःची बैठक कशी आहे हे डोक्याने ठरवू नका. कामाचे जुने कपडे बाहेर काढा आणि त्यांना पडलेली बारीक भोकं कुठे आहेत ते बघा. पाटावर गुडघे वर करून बसणाऱ्याच्या पँटला भोकं नडगीवर आणि मांडीच्या आतल्या बाजूला असतात. एक गुडघा मोडून बसणाऱ्याची सगळी एकाच मांडीवर. ग्राइंडर जास्त चालवणाऱ्याच्या शर्टाला पोटापाशी, आणि तीही एका बाजूला, कारण ठिणग्यांचा झोत ठरलेल्या दिशेने येतो. वेल्डिंग करणाऱ्याच्या कॉलरखाली आणि बाह्यांवर. भोकं जिथे दाट, तिथे चामडं दुहेरी करा. बाकी ठिकाणी एकेरी पुरतं. सगळा ॲप्रन जाड घेण्यापेक्षा हे कितीतरी बरं.

दुकानात ॲप्रन अंगावर चढवून आरशात बघून उपयोग नाही. खाली बसा. तुम्ही ऐरणीपुढे जसे बसता तसेच, सांडस धरल्यासारखा हात पुढे करून. घरी आणल्यावर पहिल्या दिवशी, भट्टी न पेटवता, आईला छातीच्या उंचीवरून मूठभर ज्वारी तुमच्या अंगावर सोडायला सांगा. मग न हलता बघा दाणे कुठे राहिले. मांडीवरच्या खळग्यात राहिले तर चीर कमी पडते. छातीपाशी आत शिरले तर वरची कड अंगापासून सुटते आहे. खिशात पडले तर तो खिसा काढून टाका. दाणे जिथे थांबतात तिथे उद्या खपली थांबणार.

छातीच्या वरच्या कडेकडे फार कोणी लक्ष देत नाही. वाकून बसलं की ॲप्रनचा वरचा भाग पुढे लोंबतो आणि शर्ट व चामडं यांच्यात फट पडते. त्या फटीतून आत गेलेली खपली सरळ पोटापर्यंत जाते आणि कमरेच्या पट्ट्यापाशी अडकते, बाहेर पडायला वाटच नसते. नुसता गळ्यात अडकवायचा पट्टा असेल तर हे हमखास होतं. शिवाय दिवसभर ते वजन मानेवर येतं. खांद्यांवरून जाऊन पाठीवर फुलीसारखे एकमेकांवरून जाणारे पट्टे असतील तर कड छातीला चिकटून राहते आणि वजन दोन्ही खांद्यांवर वाटलं जातं. पट्ट्याच्या बाबतीत मी कधीच तडजोड करत नाही.

पट्टा सोडवायला किती वेळ लागतो तेही बघा. आत काही शिरलं तर ॲप्रन एका हाताने, न बघता, एका ओढीत सुटला पाहिजे. कमरेच्या नाड्या बांधायच्या असतील तर सुरगाठ मारा, निरगाठ कधीच नको, आणि गाठ मागे न घेता बाजूला घ्या. बक्कल असेल तर तेही बाजूला किंवा पाठीवर. पुढे धातूचं बक्कल किंवा मोठे रिव्हेट असले की ते भट्टीपुढे तापतात आणि आतून टोचून चटका देतात. चटका बसलाच तर ॲप्रन आणि कपडा बाजूला करून ती जागा वाहत्या गार पाण्याखाली २० मिनिटं धरायची. कपडा कातडीला चिकटला असेल तर तो ओढू नका. हळद, टूथपेस्ट, तेल काही लावायचं नाही. फोड मोठा असेल, किंवा जागा हाताची, तोंडाची, जांघेची असेल तर सरळ दवाखाना.

आता चामडं. तुमचा दुसरा प्रश्न मला फार आवडला, कारण आपल्या भागात चामड्याची जाण असलेली माणसं अजून आहेत. कोल्हापुरी चपलेला २०१९ मध्ये भौगोलिक मानांकन मिळालं ते महाराष्ट्रातल्या चार आणि कर्नाटकातल्या चार जिल्ह्यांना मिळून, त्यात बेळगावही आहे. अथणी, निपाणीच्या कारागिरांच्या हातातलं चामडं बाभळीच्या सालीत आणि हिरड्यात कमावलेलं असतं. चपलेच्या तळासाठी त्याच्या तोडीचं दुसरं काही नाही. पण भट्टीपुढच्या ॲप्रनसाठी ते मी सुचवणार नाही.

कारण असं. झाडाच्या सालीत कमावलेलं चामडं ओलं असताना साधारण ७० ते ८५ अंशांना आकसायला लागतं. क्रोमच्या क्षारांनी कमावलेलं चांगलं चामडं उकळत्या पाण्यात टाकलं तरी बराच वेळ तग धरतं. आपण भट्टीपुढे बसतो तेव्हा ॲप्रन बाहेरून तापत असतो आणि आतून घामाने ओला होत असतो. सालीचं चामडं त्या माऱ्यात काही महिन्यांत आकसतं, कडक होतं, आणि मांडीपाशी दुमडतं तिथे तडकतं. ठिणगी तेही अडवतं, त्याबद्दल शंका नाही. नुसतं थंड लोखंडाचं काम, म्हणजे कानस, घासणं, धार लावणं एवढंच असेल तर सालीच्या पातळ चामड्याचा ॲप्रन वर्षानुवर्षं जातो. पण रोज विस्तवापुढे बसणाऱ्याने क्रोमचंच घ्यावं.

फरक ओळखायला एक घरगुती कसोटी आहे. कडेचा नखाएवढा तुकडा कापून घ्या. कापलेली कड बघा: क्रोमचं चामडं आतून बहुधा निळसर करडं किंवा हिरवट दिसतं, सालीचं आरपार तपकिरी. रंगवलेल्या चामड्यात यावरून कळत नाही. तेव्हा तो तुकडा उकळत्या पाण्यात मिनिटभर टाका. सालीचा असेल तर आकसून, वळून, कडक होऊन बाहेर येतो. क्रोमचा जवळजवळ तसाच राहतो. दुकानदार नमुन्याचा तुकडा द्यायला तयार नसेल तर ॲप्रनच्या तळाच्या कडेचा अगदी बारीक भाग कापायची परवानगी मागा. रोजच्या वापराच्या वस्तूसाठी एवढं मागायला संकोच करू नये.

त्याच तुकड्याला चिमट्यात धरून काडी लावली की रेक्झिनही ओळखू येतं. खरं चामडं केस जळल्यासारख्या वासाने करपतं, रेक्झिन वितळतं आणि थेंब गळतो. हीच चाचणी शिलाईच्या दोऱ्याचीही करा. नायलॉनचा किंवा पॉलिस्टरचा दोरा ठिणगीने वितळतो आणि चांगलं चामडं असूनही खिसा, पट्टा, ठिगळ गळून पडतं. केव्हलारचा, म्हणजे आगीत न वितळणाऱ्या कृत्रिम धाग्याचा दोरा सगळ्यात चांगला. जाड सुती दोरा जळतो, पण निदान वितळून चिकटत नाही. आणि ज्या चामड्यावर चकचकीत लेप दिलेला असतो ते टाळा. तो लेप प्लास्टिकचाच असतो, ठिणगी पडली की तो आधी जळतो. वेल्डिंगचे जे खरखरीत, दोन्ही बाजूंनी लव असलेले स्प्लिट चामड्याचे ॲप्रन मिळतात, ते दिसायला साधे असले तरी आपल्या कामाला योग्य आहेत.

क्रोमच्या चामड्याबद्दल दोन सावधगिरीच्या गोष्टी. त्याची कात्रणं, फाटलेले तुकडे भट्टीत टाकू नका. खूप तापल्यावर त्यातल्या क्रोमियमचा काही भाग घातक प्रकारात बदलू शकतो. युरोपात अंगाला लागणाऱ्या चामड्यात या प्रकाराची मर्यादा किलोमागे ३ मिलिग्रॅम इतकी कडक आहे, त्यावरून समजा. आणि उघड्या अंगावर ॲप्रन घालू नका. उन्हाळ्यात आपल्याकडे बनियनवर किंवा नुसत्या अंगावर घालणारे पुष्कळ आहेत. घामाने काहींच्या अंगावर पुरळ उठतं. आत जाड सुती शर्ट हवा, पूर्ण बाह्यांचा.

मग स्थानिक कारागिराचं काय? त्याच्याकडे जा, जरूर जा, पण तयार क्रोमचा ॲप्रन हातात घेऊन जा. वर सांगितलेली चीर, आतला पदर, मांडीवरची दुहेरी जोड, फुलीचे पट्टे हे काम कोणत्याही कारखान्यापेक्षा तो माणूस चांगलं करेल, कारण तुम्हाला समोर बसवून माप घेईल. पट्ट्यांसाठी मात्र त्याचंच सालीचं चामडं वापरा. ते ताण सोसतं, लांबत नाही, आणि पट्टे खांद्यावर-पाठीवर असल्याने थेट आच लागत नाही. जोड शिवायला त्याला दोऱ्याऐवजी चामड्याची वादी वापरायला सांगा. कोल्हापुरी चप्पल पूर्वापार वादीनेच शिवली जाते, हात त्याला बसलेला असतो. वादी ठिणगीने वितळत नाही, आणि एखाद्या ठिकाणी जळाली तर तेवढीच बदलता येते.

आता जाडी. मांडीवर दुहेरी करणार असाल तर मूळ चामडं १.२ ते १.५ मिलिमीटर पुरे. मांडीवर ते आपोआप अडीच-तीन मिलिमीटर होतं. २ मिलिमीटरच्या वर एकसंध चामडं घेतलंत तर बसताना ते दुमडत नाही, मांडीपाशी ताठ उभं राहतं आणि वरची कड हनुवटीला लागते. आणखी एक गोष्ट हिशेबात धरा. आपल्याकडे फाळ, कुळवाच्या फासा घेऊन शेतकरी येतात ते मृगाच्या आधी, ऐन वैशाखात. कोयत्यांची गर्दी दसरा-दिवाळीच्या सुमाराला, चिकोडी, अथणी, रायबागकडे गळीत हंगाम सुरू व्हायच्या आधी. म्हणजे वर्षातलं निम्मं काम सगळ्यात कडक उन्हात. २४ बाय ३६ इंची सव्वा मिलिमीटरचा ॲप्रन अर्धा-पाऊण किलोचा होतो, अडीच मिलिमीटरचा त्याच्या दुप्पट. जड ॲप्रन वैशाखात दुपारनंतर खुंटीवर जातो आणि काम उघड्यावर चालू राहतं. अंगावर राहील तोच ॲप्रन कामाचा.

आणि आता तुम्ही विचारलं नाही, पण मला सगळ्यात महत्त्वाचं वाटतं ते. घण मारायला आई असते, असं तुम्ही लिहिलं आहे. आईंसाठी ॲप्रन घ्या. जमल्यास आधी त्यांचा घ्या.

आपल्या भागातल्या कितीतरी साळांमध्ये घरच्या बायकांनी घण मारलेला आहे, भाता ओढलेला आहे. निम्मं काम त्यांचं, पण संरक्षणाचं सामान एकट्या लोहाराला घेतलं जातं. घण मारणारी व्यक्ती ऐरणीच्या समोर उभी असते. घाव पडला की खपल्या जितक्या तुमच्याकडे येतात तितक्याच तिच्याकडे जातात, पोटावर, नडगीवर, पावलांवर. रोजची साडी बहुतेक वेळा सिंथेटिक असते. पॉलिस्टर २५० ते २६० अंशांच्या आसपास वितळतं, आणि वितळलेलं कातडीला चिकटतं. सुती कापड जळतं तेही वाईटच, पण ते चिकटत नाही. म्हणून साळेत सुती साडी किंवा सुती कपडे, त्यावर पूर्ण बाह्यांचा सुती शर्ट, पदर घट्ट खोचलेला, मंगळसूत्र शर्टाच्या आत, आणि या सगळ्यावर चामडी ॲप्रन. पदर ॲप्रनच्या बाहेर राहता कामा नये, भट्टीकडे वळताना तोच आधी पेट घेतो.

त्यांचा ॲप्रन तुमच्यापेक्षा वेगळा असेल. त्या उभ्याने काम करतात, म्हणून चीर नको. घण डोक्यावरून फिरतो, म्हणून खांद्यापाशी कापलेला, अरुंद छातीचा हवा, नाहीतर काखेत अडकतो. मापाचा हिशेब सोपा आहे. पाच फूट उंचीच्या बाईला ३६ इंची ॲप्रन गळ्याच्या हाडापासून नडगीच्या मध्यापर्यंत येतो, तेवढा बरोबर. ४२ इंची घेतलात तर घण मारताना पाय पुढे-मागे टाकावे लागतात तेव्हा तो पायात येईल. तोच ३६ इंची ॲप्रन साडेपाच फुटांपेक्षा उंच पुरुषाला उभ्याने जेमतेम गुडघ्यापर्यंत पुरतो. म्हणजे एकच ॲप्रन दोघांनी आलटून-पालटून वापरू असं होणार नाही. जाडी त्यांना १.२ मिलिमीटर पुरे, दिवसभर घण उचलायचा आहे.

आणि दोघांनाही बूट. ॲप्रनवरून घसरलेली प्रत्येक खपली शेवटी पावलावरच जाते. रबरी चप्पल तिच्यापुढे काहीच नाही. चामडी बूट, नाडी झाकलेली किंवा बिननाडीचे, पँट बुटाच्या बाहेरून सोडलेली. पँटचे पाय दुमडू नका, त्या दुमडीत लाल खपली जाऊन बसते.

वेल्डिंग करताना हाच ॲप्रन चालेल, फक्त छातीची कड गळ्याच्या हाडापर्यंत हवी. आर्कच्या अतिनील किरणांनी शर्टाच्या उघड्या गळ्यापाशी कातडी भाजते, संध्याकाळी आग व्हायला लागते. तयार वेल्डिंग ॲप्रन घेताना आयएसओ ११६११ (वेल्डिंगच्या कपड्यांचं आंतरराष्ट्रीय मानक) असं छापलेलं आहे का बघा. त्यात वर्ग १ हलक्या कामाला, वर्ग २ जास्त ठिणग्यांच्या कामाला. नुसतं ‘फायरप्रूफ’ छापलेलं असेल तर त्याला काही अर्थ नाही, तो शब्द कोणीही छापू शकतो.

फिरणाऱ्या यंत्राजवळ मात्र हाच ॲप्रन धोका होतो. ड्रिल, लेथ, बफिंगचं चाक यांच्याजवळ लोंबणारी नाडी किंवा सुटी कड गेली की ती गुंडाळली जाते आणि माणूस आत ओढला जातो. चामडं फाटत नाही हाच तिथे तोटा. नाड्यांची टोकं आखूड करून खोचा, चिरेचे दोन्ही पदर मांडीला बारीक पट्ट्याने बांधा. बफिंग करायचं असेल तर ॲप्रन पूर्ण चापून बसलेला हवा, नाहीतर काढून ठेवा. ड्रिलवर हातमोजेही नकोत. आणि ग्राइंडरचं चाक फुटलं तर चामड्याने तुकडा अडेल अशा भरवशावर राहू नका. ते काम गार्डचं, तो काढायचा नाही.

खिसे नकोत. पेन्सिल-मोजपट्टी ठेवायची असेल तर पट्ट्यावर, पाठीमागे.

जपणूक. तुमच्याकडे खानापूर, जांबोटी, कणकुंबीच्या पट्ट्यात पावसाळा कसा असतो ते तुम्हाला सांगायला नको. चामड्याला आठवड्यात बुरशी धरते. म्हणून बरेच जण ॲप्रन भट्टीच्या मागे टांगून वाळवतात. तसं करू नका, आचेने वाळलेलं चामडं कडक होतं, मग ते क्रोमचं का असेना. हवा खेळती असेल अशा भिंतीवर, जाड लाकडी खुंटीला टांगा. खिळ्याला टांगलं तर पट्टा त्याच जागी कापला जातो. बुरशी दिसली तर बाहेर नेऊन कोरड्या कापडाने पुसा आणि सावलीत वाऱ्याला ठेवा. ओला ॲप्रन घालून भट्टीपुढे बसू नका. ओल्या चामड्यातून उष्णता लवकर आत येते आणि वाफेचा चटका बसतो. कोयत्याला पाणी देताना, म्हणजे तापलेला कोयता पाण्यात बुडवताना, अंगावर उडालं तर तेवढ्यापुरतं पुसून घ्या.

तेलाबद्दल फार गैरसमज आहेत. मऊ राहावं म्हणून एरंडेल किंवा इंजिनचं जुनं तेल चोळणारे मी पाहिले आहेत. तेल प्यालेला ॲप्रन ठिणगीने पेटतो. क्रोमच्या स्प्लिट चामड्याला तेलाची गरज नसते. सालीच्या पट्ट्यांना वर्षातून एकदा अगदी थोडं, पुसून काढल्यावर बोटाला चिकटणार नाही एवढंच. तेलात पाणी देत असाल, म्हणजे धारेचं लोखंड तेलात बुडवत असाल, तर उडालेलं तेल त्याच संध्याकाळी पुसून काढा. तेलाने भिजून काळा पडलेला भाग जोड लावून बदलावा, आणि निम्म्याहून जास्त भिजला असेल तर नवा घ्यावा. मांडीवरचा भाग दुमडताना कडकड वाजायला लागला, किंवा उजेडापुढे धरल्यावर टाचणीएवढ्या भोकांतून प्रकाश दिसायला लागला की त्या जागेचं ठिगळ बदलायची वेळ झाली.

राहिला चुलतभावाचा ॲप्रन. उद्यमबाग, मच्छेच्या फाउंड्रीत वितळलेलं लोखंड १३०० ते १४०० अंशांच्या आसपास ओतलं जातं. तिथला धोका वेगळा: द्रव धातूचा शिंतोडा आणि लांबून लागणारी झळ. त्यासाठी आयएसओ ११६१२ हे मानक आहे, त्यात ‘ई’ अक्षर वितळलेल्या लोखंडासाठी आणि ‘डी’ ॲल्युमिनियमसाठी असतं. तो ॲप्रन चंदेरी मुलाम्याचा असेल तर घेऊ नका. मुलामा झळ परतवायला असतो, बसून दुमडला आणि हातोड्याच्या कामात घासला की पोपडे सुटतात आणि मग त्याला काही किंमत राहत नाही. चामड्याचा असेल तर आधी वास घ्या. तेलाचा किंवा रॉकेलचा वास आला तर नको. मांडीच्या जागी दुमडून बघा. तडा गेला नाही, कड निळसर करडी निघाली, उकळत्या पाण्याची परीक्षा उतरली, तर घ्या. पण अंगावर घालायला नको, त्यातून मांडीवरच्या दुहेरी जोडीचे तुकडे आणि चिरेमागचा पदर कापून घ्या. नव्या दोन ॲप्रनच्या खर्चात तेवढी बचत होईल, आणि ते पैसे आईंच्या बुटांना लावा.